नवीन शाळेत रुजू होताय? आभार कसे मानायचे ते सांगते (पेढ्यांच्या हिशोबासकट)

पहिल्या दिवशी दोन किलो पेढे नेले होते मी, आणि जिला सगळ्यात आधी द्यायला पाहिजे होते तीच राहिली. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. त्या मागं पत्र्याच्या खोलीत फोडणी घालत बसलेल्या, आणि मी इकडं मुख्याध्यापक, दोन सहकारी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सरपंच, सरपंचांबरोबर उगाच आलेले चारजण, मग सगळी पोरं असं वाटत सुटले, आणि बॉक्स मोकळा. दुपारी मावशींनी माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "पेढं लई चांगलं हुतं म्हणं, बाई." म्हणं! त्या एका 'म्हणं'नं घास गिळंना मला.

तर हे सगळं अशा चुका करून शिकलेलं आहे. मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे, सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरनं लागलेली, त्याआधी नऊ वर्षं कोल्हापुरातच एका विनाअनुदानित शाळेत काढली. यंदा नवीन लागलेल्या पोरींचे फोन येतात, ताई पहिल्या दिवशी काय बोलायचं, काय न्यायचं, कुणाला काय म्हणायचं, आणि प्रत्येकीला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. हायस्कूलवाल्यांनी, संस्थेच्या शाळेतल्यांनी आपापल्या परीनं फरक करून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडं तोंडावर आभार मानले की समोरचं माणूस ओशाळतं. "आभार कसलं मानतीस, गप बस" हे उत्तर ठरलेलं. थँक्यू दुकानात चालतं, बँकेत चालतं, पण रोज ज्यांच्याबरोबर डबा खायचा त्यांना थँक्यू म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर 'एवढं परकं केलंस व्हय' असं उमटतं. आपल्यात आभार दुसऱ्या वाक्यांत असतात. तुम्ही होता म्हणून बरं झालं. तुमच्यामुळं निभावलं. आज तुम्ही नसता तर माझी काय धडगत नव्हती. ही वाक्यं नीट बघा, त्यात काहीतरी घडलेलं असतं आणि ते कुणामुळं घडलं ते असतं. म्हणून माझा नियम एकच, कशाबद्दल ते सांगा. "सर्वांचे मनःपूर्वक आभार" म्हणजे कुणाचेच नाहीत. त्यापेक्षा "सर, मस्टरवर सही कुठं करायची ते विचारायला मी काल तीनदा आले आणि तुम्ही तीनदा सांगितलं, एकदापण वैतागला नाही" हे म्हणा. सर हसतील, विषय बदलतील, पण पोचतं ते बरोबर.

आता सुरुवात नवीन शाळेपासून नाही करायची, जुन्या शाळेपासून करायची.

हे अवघड आहे मला माहितीय. माझ्या जुन्या ठिकाणी पगाराची सही एका आकड्यावर करायची आणि हातात दुसराच आकडा यायचा, नऊ वर्षं. सोडताना माझ्या मनात आभार वगैरे काही नव्हतं, डोक्यात नुसता जाळ होता. निरोपाच्या दिवशी बोलायला उभी राहिले आणि सवयीनं संस्थाचालकांचे आभार मानून बसले, घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. मग चार दिवसांनी कळलं की चूक आभार मानण्यात नव्हती, माणूस चुकला होता. ज्या क्लार्क काकांनी अनुभवाचा दाखला दोन दिवसात हातात दिला (महिनाभर लटकवता आला असता), ज्या सिनियर बाईंनी मला पाठाचं टाचण कसं काढायचं ते स्वतःची वही उघडून शिकवलं, त्यांचं नावच घेतलं नाही मी त्या दिवशी. नंतर घरी जाऊन भेटून आले दोघांना. तर जुनी शाळा कशीही असू दे, आत दोन-तीन माणसं असतातच, त्यांना शोधा. संस्थेचं दोन वाक्यांत उरका, टोमणा मारू नका, कोल्हापूर केवढं, उद्या कोण कुठं भेटेल सांगता येत नाही. आणि एक व्यवहाराचं सांगते, ओरिजिनल सर्टिफिकेटं आणि अनुभवाचा दाखला आधी हातात घ्या आणि मग भाषण करा. उलटं करू नका.

रुजू व्हायच्या दिवशी गडबड असते. आदेश, रुजू अहवाल, वैद्यकीय दाखला, झेरॉक्सचे गठ्ठे, त्यात आपल्याला पत्ता माहीत नसतो. मी रंकाळा स्टँडवरनं एसटी धरली, फुलेवाडी गेलं, बालिंगा गेलं, पुढं कंडक्टरनी फाट्यावर उतरवलं आणि म्हणाले सरळ जावा. सरळ म्हणजे उसातनं. तिथं चौथीतल्या दोन पोरी भेटल्या, दप्तर पाठीला, वेण्यांना नवीन रिबिनी. "तुम्ही नव्या बाई काय?" वाटेत एक कुत्रं अंगावर आलं तर एकीनं असं काय हाकललं की मला स्वतःलाच भ्या वाटलं. त्या दोघी मला वर्गाच्या दारापर्यंत सोडून गेल्या.

तर त्या दिवशी परिपाठाला तुम्हाला बोलायला लावणार, शंभर टक्के. बऱ्याचजणी रात्री जागून लिहून आणतात, 'या ज्ञानमंदिरात मला सेवेची संधी दिल्याबद्दल मी आपली आजन्म ऋणी राहीन'. अगं, संधी त्यांनी नाही दिली. टीईटी (पात्रता परीक्षा), टीएआयटी (भरतीची परीक्षा) देऊन, मेरिटला बसून, जिल्हा परिषदेत समुपदेशनाला यादी बघत उभी राहून तू शाळा निवडलीस, ती पोरं आणि ते मुख्याध्यापक बिचारे तुझ्यापुढं आलेत एवढंच. खोटं नम्र बोलू नका, पोरांना लगेच कळतं. मी जे बोलले ते साधारण असं होतं, हवं तर ढाचा उचला:

"नमस्कार. मी आजपासून तिसरी-चौथीला आहे. गाव मला नवीन आहे आणि मी तुम्हाला नवीन आहे. आज फाट्यावरनं मला तुमच्यातल्या दोघींनी इथंवर आणलं, त्यांच्यामुळं मी वेळेत पोचले, नाहीतर मी अजून उसात असते. वर्गात गेले तर फळ्याला नवीन काळा रंग दिलेला, सरांनी सुट्टीत स्वतः दिलाय असं कळलं, आता त्यावर अक्षर चांगलं काढायची जबाबदारी माझी. तुमची नावं पाठ व्हायला मला आठ दिवस लागतील. तोवर चुकले तर सांगायचं, हसलात तरी चालेल."

संपलं. मिनिटभर पण नाही. त्या दोन पोरी दिवसभर छाती काढून फिरत होत्या.

भाषेचं पण सांगते. आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात सरळ 'मी आलो, मी जेवलो' म्हणणाऱ्या, आणि माईकपुढं गेलं की 'मी आलेली आहे' असलं काहीतरी पुस्तकी सुरू होतं आणि तिथंच जीभ अडखळते. शिकवताना प्रमाण भाषा लागतेच, पण चार ओळी मनातलं बोलायचंय तर जसं बोलता तसंच बोला. मी मध्येच 'आलो' म्हणून गेले आणि मागच्या ओळीतल्या आया पदर तोंडाला लावून हसल्या, पण त्या हसण्यानंच माझं काम झालं, बाई आपल्यातल्याच आहेत हे त्यांना कळलं.

आणि लगेच अकरा दिवसांनी, २६ जूनला, शाहू जयंती येते, तेव्हा परत उभं राहायला लागणार. त्या दिवशी सगळे एकच भाषण करतात, लोकराजा, आरक्षणाचे जनक, टाळ्या. मी एकच गोष्ट सांगितली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जे आईबाप पोराला शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया! मग म्हणाले, मी मुलगी असून शिकले, बाई होऊन तुमच्यापुढं उभी आहे, त्याची सुरुवात कुठंतरी तिथनं झालीय, त्यामुळं माझे आभार त्यांना. चौथीतला एक हात वर करून विचारतो, "बाई, मग आता एक रुपया कुणाला द्यायचा?" त्याचा मोठा भाऊ महिनाभर शाळेत आला नव्हता, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तर भाषणात एखादी खरी गोष्ट टाका, ती कुठनं कुठं जाईल सांगता येत नाही.

आता पेढे. पेढे न्यायचेच, त्यात काय वाद नाही, पण किलोवर घेऊ नका, नगावर घ्या. शाळेचा पट किती ते आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन करून विचारा, त्यात वीस मिळवा, कारण प्रवेशोत्सवाचा दिवस असतो, पहिलीची पोरं आजी-आजोबांसकट येतात, अंगणवाडीताई येतात, रस्त्यानं जाणारा पण डोकावतो. पेढे परवडत नसतील तर राजगिऱ्याचे लाडू न्या, पोरांना तेच जास्त आवडतात. आणि वाटायची सुरुवात स्वयंपाकाच्या खोलीपासून करा. मावशींच्या हातावर पहिला, मग पोरं, मग स्टाफ, मान्यवर शेवटी. मान्यवरांना कमी पडले तरी त्यांची शुगर वाढणार नाही एवढाच फायदा.

मावशींचं मी पुढं कसं निस्तरलं ते सांगते कारण इथंच मी सगळ्यात जास्त शिकले. दुसऱ्या दिवशी वेगळा पुडा नेला आणि सॉरी म्हणाले. त्यांनी पुडा घेतला, "कशाला ओ बाई" म्हणाल्या आणि फळीवर ठेवून दिला, उघडलासुद्धा नाही. मग लक्षात आलं की हे पेढ्यानं मिटायचं नाही. या बायकांना महिन्याला किती मिळतं माहितीय? २०२३ ला १५०० चे २५०० झाले, तेवढ्यात सामान काढणं, शिजवणं, वाढणं, भांडी, चूल सारवणं. मी एवढंच सुरू केलं की जेवायला पोरांच्या पंगतीत बसायचं, आणि उठताना आपलं ताट आपण धुवायचं. आणि खिचडी कशी झाली ते रोज एका शब्दात सांगायचं, मीठ कमी असेल तर तेही. तिसऱ्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, "आधीच्या बाई लई चांगल्या हुत्या, पर मीठ कमी हाय म्हणून कुणी सांगितलं न्हाई मला कधी." मला वाटतं ते प्रशस्तिपत्रकच होतं.

पार्टी. स्टाफ पहिल्याच आठवड्यात विचारणार, "मग मॅडम, तांबडा-पांढरा कधी?" हसून म्हणा, पहिला पगार झाला की. आणि या बाबतीत शब्द पाळा पण घाई करू नका. शिक्षण सेवक म्हणून प्राथमिकला तीन वर्षं १६,००० मानधन आहे, आणि शालार्थमध्ये (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत) नाव चढून पहिला पैसा हातात येईपर्यंत माझे चार महिने गेले. उसने काढून आभार मानायचे नसतात. मी दिवाळीनंतर सगळ्यांना घरी बोलावलं, रस्सा सासूबाईंनी केला, भाकऱ्या मी.

वरच्या साहेबांसाठी शाल, नारळ, बुके यातलं काही करू नका. जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, पण नियम सोडा, नवीन माणसानं साहेबांना बुके दिला की स्टाफरूममध्ये त्याचा वेगळा अर्थ निघतो आणि तो वर्षभर पुसला जात नाही. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळा बघणारे साहेब) आवडणारी एकच भेटवस्तू असते, मागितलेली माहिती मागितल्या दिवशी.

आता ज्यांच्या जागेवर आपण आलोय त्यांचं. हे सगळेच विसरतात. माझ्या आधीच्या बाई बदलीनं दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या, माझी त्यांची भेटच नाही. कपाटाची किल्ली मिळाली, उघडलं तर वरच्या कप्प्यात आइस्क्रीमच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे रबर लावून, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, पुठ्ठ्याचं घड्याळ, आणि खाली शंभर पानी वही. वहीत प्रत्येक पोराला अर्धं पान. 'याला फळा दिसत नाही पण सांगत नाही, पुढं बसवा.' 'हिची आई गुऱ्हाळावर जाते, उशीर झाला तर ओरडू नका.' 'हा भागाकारात चुकत नाही, हातचा विसरतो.' एका पानावर नुसतं, 'हिला हसवा.' मी ती वही रिकाम्या वर्गात उभ्यानंच वाचून काढली.

त्यांचा नंबर मुख्याध्यापकांकडनं घेतला पण लगेच फोन नाही केला. असल्या वहीला पहिल्या दिवशी फोन करून 'छान आहे' म्हणणं म्हणजे वाया घालवणं. महिनाभर वापरली, मग केला. "बाई, तुम्ही लिहिलं होतं ना फळा दिसत नाही म्हणून, त्याच्या वडिलांना घेऊन सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आलो, चष्मा लागला, आता मागं बसायला मागतोय." पलीकडनं बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाल्या, "आणि ती हसली का?" तेव्हा नव्हती हसली. ऑगस्टमध्ये हसली, तेव्हा परत फोन केला. तर तुमच्या आधीच्यांनी वही ठेवली नसेल तरी काहीतरी ठेवलेलं असतंच, लावलेलं झाड, लावलेली सवय, पाठ असलेले पाढे. ते शोधून, वापरून, मग कळवा. आणि एक वही तुम्ही पण सुरू करा, तुमची पण बदली होणारच आहे.

गाडीवर लिफ्ट मिळाली तर पेट्रोलचे पैसे काढून हातावर ठेवू नका. मी ठेवले. आमच्या मॅडम रोज फुलेवाडीपासनं मला मागं घेऊन यायच्या, पंधरा दिवसांनी मी पाचशेची नोट पुढं केली, दोन दिवस धड बोलल्या नाहीत माझ्याशी. पुढच्या आठवड्यात पंपावर थांबल्या तेव्हा मी आधी उतरून टाकी भरायला सांगितली आणि पैसे देऊन मोकळी झाले, तर काहीच बोलल्या नाहीत. तेच पाचशे, पण असं चालतं आणि तसं चालत नाही, का ते विचारू नका.

व्हॉट्सअपचं थोडक्यात. ग्रुपवर गुलाबाच्या फुलांचं धन्यवाद टाकू नका, त्याखाली सतरा हात जोडलेले येतात आणि मुख्याध्यापकांनी टाकलेला महत्त्वाचा मेसेज वर निघून जातो. स्टेटसला पोरांचे चेहरे नको, आईबापांना विचारल्याशिवाय तर नकोच नको.

पालकांच्या घरी जा, पण संध्याकाळी, बायका रानातनं आल्यावर, आणि चहा नको म्हणू नका. नको म्हटलं की तिथंच बैठक संपते. म्हशी असलेल्या घरात चहाऐवजी पेलाभर दूध येतं, तेही प्यायचं, पोटाचं नंतर बघू.

आणि खरे आभार कुणाचे ते जुलैत कळतं. पाऊस लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न असतो, किती फूट? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या तिसरीच्या पोरांना पण पाठ आहे. पंचगंगा चढायला लागली की आमच्या रस्त्याचं काही खरं नसतं, बालिंग्याच्या पुलाकडं सगळ्यांचे डोळे. एका पोराचे वडील दूध घालायला पहाटे त्या रस्त्यानं येतात, त्यांनी स्वतःहून मला रोज सहाला फोन करायला सुरुवात केली. "बाई, आज या." किंवा "बाई, आज नका येऊ, पाणी रस्त्याला लागलंय." आठ दिवस. या माणसाला काय म्हणून थँक्यू म्हणायचं? मी म्हणाले, "दादा, तुमच्या फोनवर माझ्या घरचे निवांत असतात." ते म्हणाले, "पोरगं सकाळी उठल्या उठल्या इचारतंय, बाई येणार काय म्हणून मीच बघून येतो." आता मी त्यांना रात्री पाणीपातळी पाठवते, ते मला पहाटे रस्ता सांगतात. एवढाच हिशोब.

वहीतल्या त्या न हसणाऱ्या पोरीच्या आजीनं मला गूळ दिलाय, घरच्या उसाचा, स्टीलच्या डब्यात घालून. घेताना मी नको नको केलं नाही, तिथंच झाकण काढून खडा तोंडात टाकला, आजी बघत राहिली. आपल्यात डबा मोकळा परत करत नाहीत. पण काय घालून द्यायचं यावर घरात तीन दिवस खल चाललाय, सासूबाई म्हणतात रव्याचे लाडू, नवरा म्हणतो भडंग, आणि पोरीला गुपचूप विचारलं तर ती म्हणाली, "आजीला दात न्हाईत, बाई." म्हणजे भडंग गेलं. रविवारी लाडू करतो, सोमवारी डबा घेऊन जातो.